नुसत्या क्रिटिकल पाथवर विसंबू नका

एखाद्या कामाला किती दिवस लागतील हे विचारताना एकच आकडा घेऊ नका, तीन घ्या. सगळं सुरळीत झालं तर ४, एरवी ६, घोडं अडलं तर १४. पर्ट या प्रकल्प-नियोजनाच्या पद्धतीच्या सूत्राने (४ + ४×६ + १४) ÷ ६, म्हणजे ७ दिवस.

खरी गोम पुढे आहे. एकामागून एक करायच्या कामांच्या दोन स्वतंत्र साखळ्या एकाच टप्प्यावर येऊन मिळतात आणि प्रत्येकीची वेळेत संपण्याची शक्यता ५० टक्के आहे, असं धरा. दोन्ही वेळेत संपण्याची शक्यता उरते फक्त २५ टक्के! पर्टचा साधा हिशेब सर्वांत लांब साखळीच, म्हणजे क्रिटिकल पाथच, बघतो, म्हणून तारीख जरा जास्तच गोड निघते. जिच्यात एक-दोन दिवसांचीच सवड आहे, त्या साखळीवरही तितकीच नजर ठेवा.