वाळू, मीठ, नवसागर, लोखंडाचा कीस : मिश्रण वेगळं करताना या चुका टाळा

पुस्तकात हा प्रयोग अर्ध्या पानाचा. कोकणात जुलैत करायला घ्या, मग कळतं तो का बिघडतो. बहुतेकदा गोंधळ दमट हवेचा असतो, नाहीतर वाळूचा.

वाळूपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तीच करते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू सापडते. तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहखनिजं असतात. मॅग्नेटाइट साध्या चुंबकालाही चिकटतं. त्यामुळे घातलेल्या किसापेक्षा जास्त ‘लोखंड’ निघालं, तर आश्चर्य नको. कीस मिसळण्याआधी नुसत्या वाळूवरून चुंबक फिरवून पाहा. किनाऱ्यावरच्या वाळूत मीठही असतं. ती गोड्या पाण्यात पुन्हापुन्हा धुवा, शेवटी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात खळबळा आणि त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढरा साका आला तर अजून धुवायची आहे. चव घेऊन बघू नका.

दुसरी चूक क्रमाची. घाईत आधी पाणी ओतलं की मीठ आणि नवसागर दोन्ही विरघळतात, आणि ओला कीस मिठाच्या संगतीत भराभर गंजतो. आधी चुंबक, मग संप्लवन (मिश्रण बशीत तापवून नवसागराची वाफ वर ठेवलेल्या उलट्या नरसाळ्यावर जमवणं), पाणी त्यानंतर. चुंबकाला कागद गुंडाळा, नाहीतर कीस खरवडत बसाल.

संप्लवनाच्या वेळी उलट्या नरसाळ्यात पाणी ओघळतंय? मिश्रण ओलसर आहे. नरसाळ्यावर जमलेला नवसागर ते पाणी परत बशीत घेऊन येतं. मिश्रण आधी मंद आचेवर कोरडं करा, मग नरसाळं ठेवा. त्याच्या नळीच्या तोंडाशी कापूस हवाच. तापलेल्या नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, गार काचेवर पुन्हा एकत्र येतात. नवसागराऐवजी कापूर घेतलात तर उघडी ज्योत नको, पेट घेतो.

गाळताना कागदाच्या काठाच्या वर पाणी जाऊ देऊ नका. गाळून झाल्यावर उरलेली वाळू थोड्या पाण्याने धुऊन तेही पाणी चंचुपात्रात घ्या, नाहीतर मीठ कमी भरतं.

‘गरम पाण्यात विरघळवून गार करा, मीठ खाली बसेल’ असं सांगणारे भेटतात. शोऱ्यासाठी (पोटॅशियम नायट्रेट) ते ठीक. मीठ 100 ग्रॅम गार पाण्यात साधारण 36 ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात 39. गार करून मिळणार काय? शिरोड्याच्या मिठागरातही पाणी उन्हात आटवतातच. तुम्हीही आटवा, पण शेवटी आच कमी करा. मोठ्या आचेवर मीठ तडतडून बशीबाहेर उडतं.

वजन सुरुवातीपेक्षा जास्त भरलं तर मीठ ओलं आहे. पुन्हा तापवा, शुष्कपात्रात (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि बाहेर काढल्याबरोबर तोला. पावसाळ्यात तासभर उघडं ठेवलेलं खडेमीठ पाणी सोडायला लागतं.