डाइव्ह शॉपमध्ये कार्ड दाखवण्याआधी

‘मालवणला स्कुबा केलंय’ हे अंदमानातल्या डाइव्ह शॉपमध्ये आपली माणसं हमखास सांगतात. समोरच्याला त्यातून फारसं काही कळत नाही. मालवण-तारकर्लीला पर्यटक करतात ती बहुतेकदा ओळख करून देणारी डाइव्ह असते. प्रशिक्षक टाकीला धरून फिरवतो आणि तुमची खोली, तुमची हवा तोच सांभाळतो. अनुभव सुंदरच, पण ती प्रमाणित डायव्हरची पातळी नव्हे. तेवढंच केलं असेल तर तसंच सांगा, तुमची सोयही त्याच हिशेबाने होईल.

माझ्याकडे प्रमाणित डायव्हरचं कार्ड होतं, तरी चूक झालीच. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला आणि सुट्टी शिल्लक होती म्हणून लगेच पुढचा, अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटरही. पहिल्या कोर्सच्या ४ आणि दुसऱ्याच्या ५ अशा एकूण ९ डाइव्ह. कार्डावर १८ मीटरची मर्यादा ३० मीटर झाली. मग अडीच वर्षं समुद्र पाहिलाही नाही. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर जायचं ठरलं तेव्हा फोनवर ‘अ‍ॅडव्हान्स्ड आहे’ एवढंच बोललो आणि माझं नाव जॉनीज गॉर्जच्या बोटीवर लागलं. ती डाइव्हची जागा खोल आहे.

खाली जायला कमरेला किती वजन लागतं असं विचारल्यावर मी ६ किलो सांगितलं. शिकताना ५ मिलिमीटर जाडीचा वेटसूट होता, इथे ३ चा. पातळ सूट कमी तरंगतो, म्हणून वजनही कमी लागतं. हे शिकलो होतो, पण विसरलो होतो. दगडासारखा खाली गेलो. मग बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटात, हवा भर, जास्त झाली की सोड, पुन्हा भर. २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट जाते, आणि मी तर धापा टाकत होतो. २०० बार (हवेच्या दाबाचं माप) भरलेली टाकी विसाव्या मिनिटाला ७० वर आली. आम्हाला नेणाऱ्या डाइव्हमास्टरने सगळ्यांना वर घेतलं. बाकी चौघांकडे अजून भरपूर हवा होती. बोटीत कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, पण ते उतरलेले चेहरे आजही आठवतात.

डाइव्हमास्टरने माझं लॉगबुक, म्हणजे डाइव्हच्या नोंदींची वही, मागितलं. ओल्या बोटांनी शेवटच्या भरलेल्या पानावर आला, तारीख पाहिली आणि शांतपणे म्हणाला, ‘ये पहले बताना था.’

तेव्हापासून बुकिंगच्या वेळीच मेसेज पाठवतो. त्या वेळी तो असा झाला असता: ‘पाडी अ‍ॅडव्हान्स्ड. एकूण डाइव्ह ९. शेवटची अडीच वर्षांपूर्वी. सर्वांत खोल २६ मीटर. ५ मिलिमीटरच्या सूटमध्ये ६ किलो. आधी रिफ्रेशर (उजळणी) हवा आहे.’ आकडे बदलत जातात, क्रम तोच. कार्डाची मुदत संपत नाही, हात मात्र विसरतात. म्हणून माझ्या मते शेवटच्या डाइव्हची तारीख पातळीइतकीच महत्त्वाची, कदाचित जास्तच.

नुसतं ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणू नका, संस्थेचं नाव जोडा. पाडीत ५ डाइव्हमध्ये मिळणाऱ्या त्या पातळीला एसएसआय या दुसऱ्या संस्थेत अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडव्हेंचरर म्हणतात. एसएसआयचं अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर वेगळं, त्याला ४ स्पेशालिटी (एकेका विषयाचे कोर्स) आणि २४ डाइव्ह लागतात. शब्द एक, अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक. नायट्रॉक्सचं, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेचं, कार्ड वेगळं असतं. ते नसेल तर साधी हवाच मागा.

कार्ड फोनमध्ये असलं तरी त्याचा फोटो काढून ठेवा, बेटावर नेटवर्क दगा देतं. नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी ताडून पाहा. आपल्याकडे कुठे वडिलांचं नाव मधे असतं, कुठे नसतं, आणि दुकानात तुमचं कार्ड ऑनलाइन शोधताना तिथेच गाडी अडते.

आरोग्याच्या फॉर्मवर दमा, रक्तदाब, शस्त्रक्रिया यांबद्दल विचारतात. ‘हो’ लिहावं लागणार असेल तर डॉक्टरांची सही घरूनच घेऊन निघा. डाइव्ह हुकेल म्हणून ‘नाही’ वर खूण करणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. पाण्याखाली तुमच्या बडीचा, म्हणजे जोडीदाराचा, जीवही तुमच्यात अडकलेला असतो.

दुसऱ्या दिवशी मी उथळ निमो रीफवर रिफ्रेशर केलं. मास्कमध्ये पाणी घेऊन काढलं, श्वास घ्यायचा रेग्युलेटर सोडून परत तोंडात घेतला, ४ किलोवर पोटाशी वाळू न उडवता स्थिर राहिलो. लॉगबुकात लिहिलं: ३ मिलिमीटर, ४ किलो, ४८ मिनिटं, शेवटी ८० बार. सही-शिक्का मात्र फेरी सुटायच्या अर्धा तास आधी, दुकानात धावत जाऊन घेतला. तुम्ही तो बोटीवरून उतरल्या उतरल्याच घ्या.