खरखरीतून चित्र: हायड्रातली पहिली दहा मिनिटं

ब्राउझरमध्ये हायड्रा, म्हणजे कोड लिहून हलती चित्रं बनवायचं साधन, उघडा. समोर आधीचा कोड दिसेल, तो सरळ पुसा. मग रोमन लिपीत लिहा: नॉइज(3, 0.2).आउट(). कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकदम दाबा. पडद्यावर करडे ढग सरकू लागतील. 3 म्हणजे पोत किती बारीक आणि 0.2 म्हणजे हालचालीचा वेग. 3 च्या जागी 60 टाकून बघा, ढगांची वाळू होते. मला 0.05 चा संथपणा आवडतो; वेग वाढवला की डोळे लवकर थकतात.

आता आवाज जोडा. माइकला परवानगी द्या आणि ए.शो() चालवा, कोपऱ्यात चार पट्ट्या नाचतील. डावीकडची पट्टी खर्जाची, तिचं नाव ए.एफएफटी[0]. ती आकड्याच्या जागी तशीच लिहिली तर चित्र एकदाच बदलून गप्प बसतं. मी पहिल्यांदा अख्खी संध्याकाळ माइकलाच दोष देत होतो! तिच्याआधी रिकामा कंस आणि बाण, म्हणजे () =>, घालून फंक्शन करा, म्हणजे किंमत दर फ्रेमला नव्याने मोजली जाते. पंख्याची घरघरसुद्धा पुरते. फक्त पट्ट्या शांततेतही हलत असतील तर ए.सेटकटऑफ() ची, म्हणजे किती आवाजाखालचं दुर्लक्षित करायचं त्या मर्यादेची, किंमत वाढवा.