मेंदूच्या चाचणीचा रिपोर्ट हातात आला? वाचताना या चुका टाळा

"आईला तीसपैकी बावीस आले. म्हणजे डिमेन्शियाच ना?" इंदूरमधल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला वारंवार येतो. न्यूरॉलॉजिस्टने स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासणारी चाचणी लिहून दिलेली असते, तास-दीड तास बसून ती झालेली असते, आणि घरातले सगळे रिपोर्ट शाळेच्या गुणपत्रिकेसारखा वाचत बसतात. बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

नुसता आकडा वाचणं

स्मरणशक्ती किंवा लक्ष यांना किलो-मीटरसारखं एकक नाही. त्यामुळे मिळालेले मूळ गुण त्याच वयाच्या आणि तेवढंच शिक्षण झालेल्या निरोगी माणसांच्या गुणांशी ताडून पाहावे लागतात. त्या तुलनेच्या तक्त्यांना नॉर्म्स म्हणतात. अनेक चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरतात त्याचं माप) १५ धरतात. तिथे ८५ गुण म्हणजे १६वा पर्सेंटाइल: शंभर निरोगी माणसांतली साधारण सोळा त्याच्याही खाली असतात. "सोळा टक्केच मेंदू चालतोय" असा अर्थ लावून रडणारी मुलं मी पाहिली आहेत. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा, टक्के नव्हेत.

शिवाय कुठलंही मोजमाप थोडं इकडेतिकडे होतंच. चाचणीची विश्वसनीयता (तिचे गुण किती भरवशाचे, हे ० ते १ मध्ये) ०.९१ असली, म्हणजे चांगलीच असली, तरी ९० गुणांचा खरा पल्ला साधारण ८१ ते ९९ धरावा लागतो. मागच्या वर्षीचे ९२ यंदा ८९ झाले, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

शिक्षण विसरणं

तीस गुणांची एमएमएसई ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली आणि २४च्या खाली शंका घ्यायची, हा संकेत रूढ झाला. कॅनडातली मोका ही तशीच तीस गुणांची चाचणी २००५ची. तिची रेषा २६ला आहे आणि बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. चौथीनंतर शाळा सुटलेल्या आणि पुढची पन्नास वर्षं हातात पेन न धरलेल्या आजीला घनाकृती बघून काढायला सांगितली, तर त्या एका गुणाने काय भरून निघणार? हीच अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या निरक्षर ज्येष्ठांसाठी १९९०च्या दशकात हिंदीत वेगळी चाचणी बेतली गेली. बेंगळुरूच्या निमहॅन्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या २००४च्या चाचणीसंचात वय, शिक्षण आणि लिंग यांनुसार वेगळे नॉर्म्स आहेत. म्हणून मानसशास्त्रज्ञांना सरळ विचारा: "तुलना कोणाशी केलीत?" हा प्रश्न उद्धट नाही. चांगल्या रिपोर्टात त्याचं उत्तर आधीच लिहिलेलं असतं.

भाषा गृहीत धरणं

आपल्या गावात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. रामबाग, लोकमान्यनगर भागातल्या एखाद्या घरात आजोबा इथेच हिंदी शाळेत शिकलेले असतात, आजी लग्न होऊन जळगावहून आलेली असते. दोघं आपसात मराठीच बोलतात. पण "शंभरातून सात वजा करत जा" म्हटलं की आजी "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी" अशी उतरत जाते, आणि आजोबांच्या ओठांवर "तिरानवे, छियासी, उनासी" पुटपुटणं ऐकू येतं. त्यांना आग्रहाने मराठीत आकडे म्हणायला लावले, तर दर पायरीला भाषांतराचं ओझं वाढतं, मधला आकडा निसटतो आणि रिपोर्टात "लक्ष कमी" असं येतं. तेच आजीला हिंदीतली गोष्ट ऐकवून अर्ध्या तासाने परत सांगायला लावली की होतं. तेव्हा "मातृभाषा मराठी" एवढं सांगून थांबू नका. शाळा कुठल्या भाषेत झाली, हिशेब कुठल्या भाषेत करतात, पेपर कुठला वाचतात, हे आधीच सांगा. मिनिटभरात प्राण्यांची नावं सांगताना दोन्ही भाषा मिसळल्या तर माझ्या मते हरकत नसावी, फक्त ससा आणि खरगोश मिळून एकच प्राणी मोजायचा.

यावर उपाय म्हणून मुलगा शेजारी बसून जागच्या जागी भाषांतर करतो. हे मात्र नको. ठरलेले शब्द, ठरलेला वेळ आणि ठरलेली मदत यांतच प्रमाणित चाचणीचा जीव असतो. नॉर्म्स त्याच अटींवर बनलेले असतात. "अगं, तो गेंडा नाही का, प्राणिसंग्रहालयात पाहिलेला!" असं कोणी सुचवलं की तुलनेचा आधारच गेला. तारीख विचारल्यावर एखादी आजी अचूक तिथी सांगते. नियमाने गुण मिळत नाही, पण ती नोंद रिपोर्टात यायलाच हवी, कारण कालभान शाबूत असल्याचं ती सांगते.

एक चाचणी म्हणजे मेंदूचा एक भाग, असं समजणं

आकडे आणि अक्षरं आळीपाळीने रेषेने जोडण्याच्या चाचणीत वेळ जास्त लागला, की "फ्रंटल लोब (मेंदूचा पुढचा भाग) खराब" असं घरी ठरून जातं. पण त्या कागदावर नजर, हाताचा वेग, अक्षरओळख, लक्ष आणि दिशा बदलण्याची क्षमता अशी सगळीच कामाला लागतात. मोतीबिंदूनेही वेळ वाढतो. म्हणून आधी नुसते आकडे जोडायचा सोपा भाग घेतात आणि दोन्ही वेळांमधला फरक पाहतात.

उत्तर चुकलं यापेक्षा कसं चुकलं हे जास्त बोलकं असतं, हा रशियन शास्त्रज्ञ लुरिया यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. पाच शब्द दिले, थोड्या वेळाने दोनच आठवले. "एक भाजी होती" असा इशारा दिल्यावर बाकीचे आठवले, तर शब्द आत साठले होते, बाहेर काढणं जड गेलं. इशारा देऊनही कोरंच राहिलं, तर ते मुळात साठलेच नसावेत, आणि अल्झायमरमध्ये बहुधा असं दिसतं. दोघांचे मूळ गुण सारखे, पुढची दिशा मात्र वेगळी.

एका कमी गुणाने हादरून जाणं

सरासरीपेक्षा दीड विचलन खाली गेल्यावर "कमी" म्हटलं, तर दर चाचणीत सुमारे ७ टक्के निरोगी माणसंही त्या रेषेखाली येतात. वीस उपचाचण्या घेतल्या तर ठणठणीत माणसाचेही सरासरीने एक-दोन उपचाचण्यांतले गुण कमी दिसणारच. एकमेकांशी जुळणाऱ्या तीन-चार उपचाचण्यांत गुण कमी असतील, तरच त्यातून काही आकार दिसतो.

घरी सराव करून घेणं

चाचणीतले प्रश्न मोबाइलवर बघून आईकडून "अकरा वाजून दहा मिनिटं" दाखवणारं घड्याळ गिरवून घेतात. मायेने करतात, पण त्याने खरा बिघाड झाकला जातो आणि उपचाराला उशीर होतो. त्याच कारणाने चाचणी लगेच दुसरीकडे पुन्हा करू नका. करावीच लागली तर आधीची झाल्याचं सांगा, म्हणजे शक्य असेल तिथे पर्यायी शब्दयादी वापरता येते.

चुकीचा दिवस निवडणं

ताप, लघवीचा संसर्ग, नुकतंच झालेलं ऑपरेशन, न झालेली झोप, खोल उदासी, यांत कोणाचेही गुण कोसळतात. थायरॉइड आणि बी-१२च्या तपासण्या डॉक्टर याचसाठी लिहून देतात. जाताना चष्मा आणि कानाचं मशीन न्या, झोपेच्या गोळ्यांसह सगळ्या औषधांची यादी न्या. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि घरातलं नीट सांगा. भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेताना गोंधळ होतो का, गॅस चालू राहतो का, औषधं कोण आठवतं, हे सहसा सुनेला ठाऊक असतं, म्हणून तिलाही बरोबर न्या. रोजच्या कामांत माणूस परावलंबी होऊ लागला आहे का, हे कळल्याशिवाय डिमेन्शियाचं निदान होत नाही. रिपोर्टची मूळ गुणांसकट प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. वर्षभराने पुन्हा चाचणी झाली, तर आईची तुलना तिच्याच जुन्या गुणांशी करता येईल.