सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकराचा घरचा व्यायाम: टाच, बैठक आणि उभं राहणं

सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण लेकरू वाढतं. हाडं लांब होतात, ताठर स्नायू तेवढे लांब होत नाहीत. म्हणून तिसऱ्या वर्षी जमिनीला टेकणारी टाच सातव्या वर्षी अधांतरी राहते. महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन अर्धा तास केलेल्या व्यायामाने हे थांबत नाही. उरलेले दिवस लेकरू कसं बसतं, कसं उचललं जातं, पायात स्प्लिंट (टाच आणि पाऊल सरळ धरून ठेवणारा, पट्ट्यांनी बांधायचा साचा) किती वेळ राहतो, यावर ते ठरतं.

पुढची माहिती हातपाय ताठर असलेल्या मुलांसाठी आहे. बहुतेक मुलं याच प्रकारात मोडतात. अंग सैल पडत असेल किंवा हातपाय आपोआप वळवळत असतील, तर आधी फिजिओथेरपिस्टकडून वेगळे व्यायाम शिकून घ्या.

थंडीने अंग आखडतं. डिसेंबर-जानेवारीत कोमट पाण्याची आंघोळ झाल्यावर अंगणातल्या कोवळ्या उन्हात व्यायाम करा; मे महिन्यात सकाळी आठच्या आत उरका. जेवणानंतर तासभर काही करू नका. तेल लावायला हरकत नाही, पण मालिशीने आखूड स्नायू लांब होत नाही आणि जोरात रगडलं तर ताठरपणा वाढतो. व्यायामाआधी टाचेवरचं तेल पुसा, नाहीतर पकड सुटते.

पोटरीचा ताण सगळेच देतात, पण बरोबर फार थोडे देतात. लेकराला बाजेवर नको, जमिनीवर गोधडी टाकून उताणं झोपवा. डोक्याखाली पातळ उशी ठेवा. डोकं मागे गेलं की सगळं अंग ताठ होतं. एका हाताने गुडघा अलगद सरळ धरा. दुसऱ्या हाताच्या पंजात टाच घट्ट धरा आणि त्याच हाताचं मनगट तळव्याला टेकू द्या. टाच आत किंवा बाहेर कलंडली असेल तर आधी सरळ करा. मग टाच खाली ओढत, मनगटाच्या दाबाने चवडा हळूहळू नडगीकडे न्या. जिथे अडेल तिथे 30 सेकंद ते एक मिनिट थांबा. प्रत्येक पायाला 3 ते 5 वेळा. नंतर गुडघा वाकवून तेच पुन्हा करा: गुडघा सरळ असताना पोटरीचा वरचा मोठा स्नायू ताणला जातो, वाकवल्यावर त्याच्या खालचा.

नुसता चवडा धरून दाबला तर टाच जागची हलत नाही, पायाचा मधला भाग वाकतो. पाऊल वर आल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात कमान मोडत असते. घरच्या व्यायामातली ही सर्वांत नुकसानीची चूक आहे. दुसरी चूक घाईची. ताठर स्नायू झटक्याने ओढला की उलट आखडतो, कधी पाऊल थडथड उडायला लागतं. तसं झालं तर दाब थोडा सैल करा आणि पुन्हा सावकाश सुरुवात करा. न चालणाऱ्या मुलांची हाडं नाजूक असतात, जोर लावल्याने मोडू शकतात. लेकरू रडायला लागलं तर थांबा. रडताना अंग ताठ असतं, तेव्हा दिलेला ताण वाया जातो.

ताणापेक्षा बैठक महत्त्वाची, असं आम्ही ठामपणे सांगतो. पाय मागे मुडपून, ढुंगण दोन टाचांच्या मध्ये ठेवून बसणं शक्यतो बदलत राहा. मान धरणारं लेकरू भिंतीच्या कोपऱ्यात बसवा: पाठीला दोन्ही भिंतींचा आधार, मांड्यांच्या मध्ये गोधडीची गुंडाळी. स्टूल करायचं असेल तर उंची म्हणजे गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचं माप. बसायची फळी पाठीपासून त्या खोबणीपर्यंत, त्यात दोन बोटं कमी. पावलं पूर्ण टेकली पाहिजेत, लोंबकळली की अंग मागे ताठतं. जेवणही असंच बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून द्या. आडवं पाडून भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

उचलताना आधी गुडघे आणि कंबर वाकवा, मग उचला. तान्ह्या बाळासारखं हातांवर आडवं घेऊ नका. कडेवर, दोन पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना फाकवून घ्या. जांघेचे स्नायू येता-जाता ताणले जातात.

पोटावर झोपवण्यासाठी चुंगडी घट्ट गुंडाळून छातीखाली द्या. गुंडाळीची जाडी लेकराच्या काखेपासून कोपरापर्यंत असावी, म्हणजे कोपरं जमिनीला टेकतात. सुरुवातीला पाच मिनिटं, आणि शेजारी कुणीतरी बसलेलं हवंच.

स्प्लिंट लावताना गुडघा वाकवून टाच तळाशी बसवा आणि घोट्याचा पट्टा सर्वांत आधी आवळा. टाच टेकली का ते पाहायला तिला कुंकवाचा ठिपका लावा. मोज्याशिवाय एकदा घालून काढल्यावर तळाला ठिपका उमटला नाही तर स्प्लिंट नीट बसलेला नाही. रोज सहा तासांच्या आसपास घालायचा असतो, पण सुरुवात अर्ध्या तासाने करा. आत सुती मोजे, उन्हाळ्यात ते दोनदा बदला. काढल्यावर कातडी लाल दिसली आणि अर्ध्या तासात लाली गेली नाही तर तो पुन्हा घालू नका, दुरुस्त करून घ्या. टिनावर, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला तर वाकतो.

उभं राहण्याची चौकट गावचा सुतार करू शकतो, पण मापं फिजिओथेरपिस्टकडूनच घ्या. छाती, ढुंगण आणि गुडघ्याच्या वाटीच्या किंचित खाली पट्टे, पाय फाकलेले, पावलं स्प्लिंटमध्ये सपाट. दहा मिनिटांपासून वाढवत दिवसाकाठी तासभर, हवं तर तुकड्यांत. बाजारात मिळणारा चाकांचा गोल वॉकर नको. त्यात लटकलेलं लेकरू चवड्यांनी रेटतं आणि टाच आणखी वर जाते.

कापूस वेचणीच्या दिवसांत आई-वडील पहाटेच वावरात जातात आणि लेकरू आजीजवळ राहतं. आजीला ताणाचे व्यायाम जमले नाहीत तरी चालेल. बैठक, कडेवर घेणं आणि स्प्लिंट तिला हातात हात धरून दाखवा. झटक्यांचं औषध सुरू असेल तर त्याची वेळ चुकू देऊ नका.

दोन मांड्या पूर्वीएवढ्या फाकत नसतील, कपडे बदलताना लेकरू कळवळत असेल किंवा वाकवलेले गुडघे वरखाली दिसत असतील, तर खुबा निसटत असू शकतो. व्यायाम थांबवून एक्स-रे काढा. न चालणाऱ्या मुलांचा खुब्याचा एक्स-रे दुखत नसतानाही ठरावीक काळाने काढावा लागतो. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, तारीख आशाताईंना विचारून ठेवा. त्या दिवशी लेकराला घेऊन जा आणि स्प्लिंट, बूट, जुने एक्स-रे सोबत न्या.