जुनं पुस्तक घेताना आधी नकाशा उघडा

विदर्भाच्या इतिहास-प्रवासाची जुनी पुस्तकं जमवायची तर 'विदर्भ' या नावाने शोधून फारसं हाती लागत नाही. 1903 पर्यंत वऱ्हाड आणि नागपूर यांचा कारभार वेगळा होता. म्हणून अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळचं जुनं साहित्य 'बेरार'खाली सापडतं आणि नागपूर, चांदा (आताचं चंद्रपूर), भंडाऱ्याचं 'सेंट्रल प्रोव्हिन्सेस' म्हणजे मध्य प्रांताखाली. सुरुवातीला एकच धागा धरा. लायल यांचं वऱ्हाडाचं गॅझेटियर, म्हणजे प्रदेशाची सरकारी माहिती देणारा ग्रंथ (1870), फोर्सिथ यांचं मध्य भारताच्या डोंगररानांवरचं पुस्तक (1871), या. मा. काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' (1924) अशी दहा-बारा नावांची यादी वहीत उतरवा. यादी नसली की रद्दीच्या ढिगातून जाडजूड पण निरुपयोगी पुस्तकंच घरी येतात.

मालगुजाराचा (गावच्या जुन्या जमीनदाराचा) किंवा देशमुखाचा वाडा पाडायला काढला की माळ्यावरचे गठ्ठे थेट भंगारवाल्याकडे जातात. त्याला आधीच सांगून ठेवा: जिल्द फाटली तरी चालेल, पण पानं वेगळी करू नको. वाचनालयाचा शिक्का दिसला तर 'रद्द' केल्याचा शेरा बघा. शेरा नसेल तर आधी त्या वाचनालयात विचारा, मगच पैसे द्या.

पैसे देण्याआधी पुस्तक पुरं आहे की नाही ते तपासा. खरी फसगत इथेच होते. सुरुवातीची चित्रांची आणि नकाशांची यादी काढून एकेक मोजा. घडीचा नकाशा बहुधा शेवटी, आतल्या पुठ्ठ्याच्या खिशात असतो आणि सगळ्यात आधी तोच हरवतो. गॅझेटियर नकाशाशिवाय वाचायला चालतं, पण त्याला पूर्ण प्रतीचा भाव देऊ नका. नकाशा टेबलावर सपाट ठेवून उघडा. हवेत धरला की घडीवरच फाटतो.

वर्ष शके असेल तर 78 मिळवा: शके 1829 म्हणजे साधारण 1907. आतल्या शीर्षकपानावरचं जुनं साल बघून भुलू नका, कारण पुनर्मुद्रणात जुनं पान जसंच्या तसं छापतात. त्याची मागची बाजू वाचा. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असेल तर छपाई अलीकडची. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईचा दाब पानाच्या पाठीला बोटाने जाणवतो. शिळाप्रेसवरचं, म्हणजे दगडावरून छापलेलं, पुस्तक मात्र अस्सल असूनही सपाट लागतं, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका.

कागद मजबूत आहे का बघायला कोपरा दुमडू नका, तो तुटून हातात येतो. चिंध्यांच्या लगद्याचा 1827 चा कागद लाकडाच्या लगद्याच्या 1920 च्या कागदापेक्षा बरेचदा बळकट निघतो.

घरी आणलेलं पुस्तक लगेच इतरांत मिसळू नका. पांढऱ्या कागदावर ठेवून तीन आठवडे वेगळं ठेवा. खाली बारीक भुकटी पडली तर आत कीड जिवंत आहे. मग पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून पक्कं बंद करा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर पानांवर पाणी धरतं. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी टिकत नाही, आणि वीज वारंवार जाते तिथे हा उपाय करूच नका.

गावाकडे मोठा शत्रू उदई, म्हणजे वाळवी. लोखंडी आलमारी मातीच्या भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, पाय विटांवर ठेवा आणि भिंतीवर मातीची नळी दिसते का ते दर आठवड्याला बघा. उन्हाळ्यात कूलरचा झोत आलमारीवर येऊ देऊ नका. त्या ओलाव्याने बुरशी धरते. कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून पुरचुंडीत ठेवा, पानांमध्ये नको, डाग पडतात. सेलोटेप तर कधीच लावू नका: डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो. सुटलेली पानं सुती फितीने हलकी बांधून ठेवा.

75 वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखित पोथ्या आणि दस्त 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात. सरकारी परवानगीशिवाय ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. मोडी कागदांचं रुमाल बांधलेलं दप्तर मिळालं, तर ते सुटं करून विकत घेऊ नका. कागदांचा क्रम मोडला की कोणता कागद कोणत्या प्रकरणातला हे पुढे लावता येत नाही.