चौकातल्या फळ्यावर दिनविशेष कसा लिहायचा, १ ऑगस्ट घेऊन दाखवतो

कोल्हापुरात आमच्या पेठेत तालमीच्या भिंतीला चार बाय तीनचा काळा फळा आहे, आधी त्यावर निधनवार्ता नाहीतर उद्या पाणी येणार नाही एवढंच असायचं, आता गेली काही वर्षं मी रोज सकाळी दिनविशेष लिहितोय. शेजारच्या दोन मंडळांनी विचारलं की भावा हे कसं करतोस, म्हणून एकदाच सगळं टाईप करून टाकतो.

पहिलं म्हणजे नेटवर आजचा दिनविशेष म्हणून जे येतं ते तसंच्या तसं उतरवायचं नाही. तीस चाळीस ओळी मिळतात आणि त्यातल्या निम्म्या अशा असतात की कुठल्या तरी देशात कुठला तरी करार झाला, गंगावेशीत दूध प्यायला निघालेल्या माणसाला त्याचं काय. माणूस फळ्यापुढं दहा सेकंद थांबतो, गाडी बंद पण करत नाही. पाच ओळी, बास. सहावी ओळ कोण वाचत नाही.

पाच कुठल्या घ्यायच्या हाच खरा खेळ आहे. मी एक मोठी घटना, एक जन्म, एक मृत्यू, एक खेळातली गोष्ट असं शोधतो आणि शेवटची ओळ कोल्हापूरची. ही शेवटची सापडेपर्यंत मी खडू हातात घेत नाही, कारण लोक तिच्यासाठीच थांबतात हे आता कळलंय.

आता १ ऑगस्ट घ्या. लोकमान्य टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत, असहकार चळवळ सुरू झाली ती त्याच दिवशी, आणि अण्णाभाऊ साठे जन्मले ते पण १ ऑगस्ट १९२० लाच, वाटेगावात, म्हणजे आपल्या शेजारच्या वाळवा तालुक्यात. साल पण तेच! हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण दोन्ही कार्यक्रम वेगवेगळ्या मंडपात होतात. अशा वेळी काही शहाणपण लिहायचं नाही, दोन ओळी एकाखाली एक लिहायच्या आणि १९२० वर पिवळा खडू फिरवायचा. वाचणारा स्वतःच थबकतो.

टिळकांचा कोल्हापूरशी संबंध काय, असं कोण ना कोण विचारतंच. आहे की. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज, त्यांचे होणारे हाल आणि दिवाण बर्वे यांच्याबद्दल केसरी आणि मराठा या वर्तमानपत्रांत छापून आलं, त्यावरून खटला झाला आणि १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले, शिक्षा चार महिन्यांची होती, १०१ दिवसांनी सुटले. टिळकांचा पहिला तुरुंगवास कोल्हापूरमुळं झाला! पुण्यतिथीला नुसतं विनम्र अभिवादन लिहिण्यापेक्षा ही एक ओळ टाका, बघा किती जण थांबतात.

खेळाच्या ओळीला तर १ ऑगस्टला शोधावंच लागत नाही. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून ब्राँझ मारलं, त्या प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. त्याआधी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक म्हणजे थेट १९५२, हेलसिंकी, कुस्तीत खाशाबा जाधव. गडी गोळेश्वरचा पण घडला आपल्या राजाराम कॉलेजात, त्याला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले.

आता गंमत बघा. खाशाबांचं पदक २३ जुलैचं, आणि २३ जुलै म्हणजे टिळकांची जयंती (१८५६). कुसाळेचं पदक १ ऑगस्टचं, टिळकांची पुण्यतिथी. ७२ वर्षांच्या अंतरानं दोन पदकं, एक जयंतीला एक पुण्यतिथीला. मला हे फळा लिहिता लिहिताच दिसलं, त्या दिवशी चहा गार झाला. योगायोगच आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण फळ्यावर लई भारी दिसतं.

चुका कुठं होतात ते सांगतो, कारण मी केल्यात. एकदा २३ जुलैला खाशाबांच्या खाली हॉकीचं सुवर्ण पण ठोकून दिलं, फॉरवर्ड आलेलं, हेलसिंकीच होतं, शंका आली नाही. आठ वाजता एक रिटायर्ड सर आले, काठीनं फळ्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "फायनल चोवीसला झाली बाळ, हॉलंडला सहा एक, त्यातले पाच बलबीर सिंगचे." चौकातच पुसलं. तेव्हापासून दोन ठिकाणी बघितल्याशिवाय तारीख लिहीत नाही, खेळाचं असेल तर ऑलिम्पिकच्या अधिकृत साईटवर, माणसांचं असेल तर मराठी विश्वकोशात, आणि लईच अडलं तर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायचं, १८५० पासूनचं वाचनालय आहे, सापडतं बरंच काही.

घड्याळाचा पण घोळ असतो. माणूस पहिल्यांदा चंद्रावर गेला ते अपोलो ११ चं यान उतरल्याची तारीख सगळे २० जुलै १९६९ लिहितात, पण तेव्हा आपल्याकडं २१ जुलैचे पहाटेचे पावणेदोन वाजले होते. मी जिथं घडलं तिथली तारीख धरतो, एकदा ठरवलं की बदलायचं नाही. शिवजयंतीला तारीख का तिथी हा वाद तर फळ्यावर मिटत नसतोय, १९ फेब्रुवारी १६३० आणि फाल्गुन वद्य तृतीया, त्या त्या दिवशी दोन्ही वेळा लिहा आणि गप्प बसा.

शब्दांचं एक. जिवंत माणसाचा वाढदिवस, गेलेल्याची जयंती. हसू नका, ही चूक छापील बॅनरवर पण बघितलीय. आणि पोरं मेस्सीचा वाढदिवस मागणारच, फुटबॉलची पेठ आहे, तो २४ जूनला देऊन टाका, पण २६ जूनला फळा शाहू महाराजांचाच, त्या दिवशी बाकी चार ओळी पण त्यांच्याच कामाच्या.

लिहायचं सातच्या आत. जुलै ऑगस्टमध्ये आपल्याकडचा पाऊस म्हणजे साधा खडू अर्ध्या तासात भिंतीवरून खाली, त्यामुळं रात्री खडू साखरेच्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी ओल्यानंच लिहा, वाळल्यावर अक्षर उठून दिसतं आणि सहजासहजी जात नाही. पुसताना मात्र ओलं फडकं लागतं. आणि पुसायच्या आधी फोटो काढा, महिन्याप्रमाणं फोल्डर करा, पुढच्या वर्षी त्याच तारखेला निम्मं काम झालेलं असतं. माझ्या १ ऑगस्टच्या फोटोत खाली कोपऱ्यात कुणीतरी स्वतःच्या पोराचा वाढदिवस घुसडलाय, वय वर्षं तीन. तो मी पुसला नव्हता.